वसव्यातली रानहळद

लग्न होऊन ओतूरला आले तेव्हा घरामागच्या जागेबद्दल सासरच्या सगळ्या माणसांचं एकमत होतं की तिथे काही येत नाही. दोन करंज आणि एक जांभूळ, तिन्ही झाडं एकमेकांत घुसलेली. भर दुपारीसुद्धा खाली चार कवडसे पडले तर पडले. नवऱ्याने तिथे मिरची लावून पाहिली होती, वांगी लावून पाहिली होती. रोपं उंच आणि पांढरट व्हायची आणि फूल धरायच्या आधीच मान टाकायची. "वसवा आहे तिथं," तो म्हणायचा. देशावर पिकाला मारणाऱ्या सावलीला वसवा म्हणतात, आणि ज्याच्या बांधावर झाड त्याचं शेजाऱ्याशी भांडण ठरलेलंच. मी घाटघरची, नाणेघाटाजवळच्या रानातली. सावलीला असं शिवीसारखं नाव असतं हे मला लग्नानंतर कळलं.

आमच्याकडे झाडाखालीच जास्त काही उगवतं. पण हे सासरी सांगायचं म्हणजे सुनेने माहेरची टिमकी वाजवल्यासारखं, म्हणून मी गप्प बसले. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, पाळ्या करून घरी यायचे, त्यामुळे बागेला वेळही नव्हता. पहिल्या भाद्रपदात मात्र पंचाईत झाली. इथल्या गौरी म्हणजे पितळी मुखवटे, त्यांना पैठण्या, दागिने, पुढे फराळाची ताटं. सगळं छान होतं, मी नाही म्हणत नाही. पण आमच्याकडे गौर म्हणजे रानातून आणलेलं रोप. तेरड्याची जुडी आणि तिच्यात रानहळदीचं फूल, खाली पिवळं, वर गुलाबी तुरा. मी त्या मुखवट्यांना हात जोडले आणि मनात म्हटलं, तू कोण गं बाई, मी तुला ओळखत नाही.

पुढच्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी माझा धाकटा भाऊ आला. गोणपाटात ओल्या मातीसकट रानहळदीचे कंद गुंडाळून आणले होते. माहेरच्या घराच्या मागे एक उतरण आहे, ऐनाच्या झाडांनी भरलेली. तिथून त्याने ते खणले होते. एसटीत शेजारच्या माणसाच्या धोतरावर चिखल सांडून भांडणही करून आला होता. आम्ही दोघांनी ते करंजाखाली लावले. नवरा ओट्यावरून बघत म्हणाला, "लावा. मिरची नाही आली, हळद येतीय होय." पुढच्या पावसात ती हातभर पानं घेऊन वर आली आणि श्रावण संपता संपता फुलली. नवऱ्याने मग त्या विषयावर बोलणं सोडलं.

तेव्हापासून भाऊ दर गौरीला एक काहीतरी आणायचा. पेव आणला, ज्याचा दांडा जिन्यासारखा वळत वर जातो आणि टोकाला कागदासारखं पांढरं फूल येतं. दगडाच्या कडेने लावायला नेचे आणले. कोळीची भाजी आणली, जिची कोवळी पानं पहिल्या पावसात डाळ घालून करतात. नोकरी संपेपर्यंत माझ्याकडे करंजाखाली घाटघरचा एक तुकडाच झाला होता. मी निवृत्त झाले तेव्हा लोकांनी विचारलं, आता काय करणार. मी म्हटलं, सावलीत बसणार.

ही बाग करायची म्हणजे बहुतेक काहीच करायचं नसतं, आणि तेच माणसांना जमत नाही. खणायचं नाही. खत घालायचं नाही. नवऱ्याने एकदा मला मदत म्हणून मूठभर युरिया टाकला आणि पेवाची पानं कडेने करपली, तेव्हा मी त्याच्याशी पूर्ण आठवडा फक्त जेवण वाढण्यापुरतं बोलले. दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात, मार्गशीर्षात जमिनीवर काही उरत नाही. सगळं खाली कंदात जाऊन झोपतं. वरून करंज-जांभळाचा पाचोळा पडतो, तो तसाच ठेवायचा, ते त्यांचं पांघरूण. शेजारीण नेहमी कुंपणावरून म्हणायची, "नर्सबाई, घर एवढं चकचकीत आन् मागं ह्यो उकिरडा कशाला राखलाय?" मी म्हणायचे, "तिथं माझं माहेर झोपलंय. आवाज नका करू." ती हसायची. मला ते खरंच वाटायचं.

गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला नवऱ्याच्या छातीत दुखलं. पुण्याला नेलं, बायपास झाली, आणि मग मुलाच्या फ्लॅटवर आम्ही उन्हाळाभर अडकलो. घराची किल्ली भावाकडे दिली. भात काढून झाल्यावर वर डोंगरात तसं काम नसतं, तो अधूनमधून ओतूरला येऊन राहायचा. फोनवर म्हणायचा, "आक्का, घराचं काय बघू नगंस. दाजींचं बघ." मी बघत होते दाजींचं. टाके, गोळ्या, पथ्य. चौथ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत उभं राहून मनातल्या मनात एकच गोष्ट मोजायची, रोहिणी नक्षत्र कधी लागतंय आणि पहिलं कोंबाचं टोक कधी वर येतंय. तोवर मी घरी असले पाहिजे, एवढाच माझा हट्ट होता.

वैशाखात परत आलो. भाऊ वर गावी गेला होता, किल्ली शेजारणीकडे होती. घर झाडून पुसून लख्ख, ओट्याला नवा चुना. त्याच्या हाताला आळस माहीत नाही. नवऱ्याला पलंगावर टेकवून मी मागचं दार उघडलं आणि डोळ्यांवर हात घेतला. इतका उजेड त्या दारातून आत कधीच आला नव्हता.

तिन्ही झाडं सवळलेली होती. एकूण एक फांदी उतरवून शेंड्याला फक्त मूठभर पानं ठेवलेली. आमच्याकडे डोंगरात ऐनाची झाडं अशीच दिसतात, सोट्यासारखी, कारण दर उन्हाळ्यात त्यांच्या फांद्या राबासाठी जातात. भाताचं रोप टाकायचं तो तुकडा आधी भाजून घेतात. शेण, त्यावर डहाळ्या, त्यावर पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर, आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून हळूहळू जळू द्यायचं. जमीन मऊ होते, तण मरतं, रोप जोमदार येतं. त्याला राब म्हणतात, आणि लहानपणी त्या धुराचा वास मला आवडायचा. माझ्या करंजाखाली, जिथे रानहळद झोपली होती नेमकी तिथे, भावाने राब भाजला होता. काळा चौकोन, कडेने नीट माती ओढून घेतलेला.

पलंगावरून नवऱ्याचा आवाज आला, "काय गं, वसवा गेला वाटतं." त्याला चेष्टा करायची होती. छाती शिवलेल्या माणसावर ओरडता येत नाही म्हणून तो वाचला.

मी खाली बसून बोटांनी राख बाजूला केली. दवाखान्यात भाजलेली माणसं खूप पाहिली होती, वरची कातडी बघून आत किती गेलंय ते सांगता येत नाही. वरचे कंद हाताला लागले ते उकडलेल्या रताळ्यासारखे, दाबले की बोट आत. आणखी खाली काही टणक लागले. किती, ते कळायला सगळं उकरावं लागलं असतं, आणि उकरलं असतं तर जे होतं तेही गेलं असतं. मी परत माती ओढली. मग कपाटातल्या जुन्या सुती साड्या काढल्या, बांबू रोवले आणि त्या चौकोनावर बांधल्या. ऊन तरी लागू नये. शेजारीण कुंपणाशी आली, बघून तशीच परत गेली.

मला भावाचा राग आला होता असं म्हणणं कमी आहे. मला त्याचा तिटकारा आला होता. ज्या हातांनी आणलं त्याच हातांनी जाळलं, आणि जाळताना त्याला ते माहीत होतं. कोण कुठे लावलंय ते त्याच्याइतकं मलाही ठाऊक नव्हतं.

रोहिणी लागायच्या आधी तो आला. खांद्यावर बियाण्याची पिशवी, चेहरा प्रसन्न. दाजींच्या पायाशी बसला, औषधांची चौकशी केली, चहा घेतला. मग मागे आला आणि साड्या बघून थांबला.

"हे काय गं आक्का? रोपाला ऊन नगं का?"

"कुठलं रोप?"

"रायभोग भात आणलाय बियाला. तुज्यासाठी. म्हणलं पाण्याचा नळ हाय, रोप लवकर यील. माती बघ कशी झालीय, लोण्यावाणी."

"त्या मातीत माझी हळद होती. तूच आणलेली."

तो हसला. खरंच हसला. "आगं, वर दर साली वणवा लागतुय. त्यातनं येती ती. राबानं काय व्हतंय तिला? रानातली जात हाय, मरत न्हाई."

"रानात वणवा जातो आणि वर झाडं राहतात," मी म्हटलं. "इथं तू झाडंच ठेवली नाहीस. उन्हात ती काय करील, टोपी घालील?"

माझं तोंड आता सुटलं होतं. मी म्हटलं, ठेव तुझं बियाणं. दाजी हिंडाय-फिरायला लागले की मी वर येते आणि उतरणीवरून परत सगळं खणून आणते. तुझ्याकडून नको. मी माझ्या हाताने आणीन.

त्याने पिशवी खाली ठेवली. आणि पिशवीकडे बघतच म्हणाला, "येऊ नगंस. तिथं काय न्हाई आता."

मला वाटलं तो रागाने बोलतोय. मग तो बोलत गेला तसं कळलं. ती उतरण भावकीची सामायिक. नाणेघाट बघायला येणारी माणसं वाढली, रस्त्याला लागून जागा, म्हणून चुलत भावांनी तिथे तंबू टाकायचं ठरवलं. गाड्या लावायला सपाट जागा हवी. चैत्रात जेसीबी आणला. ऐन आधी तोडले, ते लाकूडवाल्याने फांद्यांसकट नेले, मग उतरण कापून तीन पायऱ्या केल्या. भावानेही हो म्हटलं होतं. तो एकटा नाही म्हणून काय करणार होता, हे तो दोनदा म्हणाला. वडिलांमागे मी हक्कसोड करून दिली होती, आमच्याकडे बहिणी देतातच, त्यामुळे मला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"दाजींचं ऑपरेशन व्हतं. काय सांगू तुला, उतरण गेली म्हणून?"

मी तिथेच राखेच्या कडेला बसले. तोही बसला. मग त्याने ते सांगितलं जे त्याला सांगायचं नव्हतं. ऐन गेले म्हणजे राबाच्या फांद्या गेल्या. त्याच्या स्वतःच्या रोपाच्या तुकड्याला जाळायला यंदा काही नव्हतं. इकडेतिकडे मागून बघितलं, ज्याच्या त्याच्याकडे ज्याचं त्याचं. मग माझ्या घरामागे करंज दिसले. रायभोग माझ्यासाठी नव्हता. तयार रोप तो जीपमध्ये घालून वर नेणार होता, आवणीला, म्हणजे शेतात लावायला. "तुज्यासाठी म्हणलं म्हंजे तू न्हाई म्हणनार न्हाईस," तो म्हणाला, "म्हणून म्हणलं."

माझा राग तिथेच संपला असं झालं नाही. उलट तो अडकून बसला, कुठे टाकावा ते कळेना. उतरण गेल्याचं दुःख आत्ता कुठे पोटात उतरायला लागलं होतं आणि हा समोर बसून बियाणं घेऊन माझ्याकडे बघत होता. नाही म्हटलं तर याचं वर्षाचं भात जातं. हो म्हटलं तर या मातीत जे काही टणक उरलंय ते उन्हाने जातं, आणि आता ते दुसरीकडे कुठेच नाही. माझ्या बोटांना लागलेले ते चार कंद, एवढीच आमच्या उतरणीची रानहळद जगात उरली होती. मला भीती वाटली. दवाखान्यात एवढी वर्षं काढली, पण अशी भीती मला नवऱ्याच्या ऑपरेशनच्या दारातही वाटली नव्हती, आणि याची मला लाजही वाटली.

मी उठून अर्ध्या साड्या सोडल्या. "हा अर्धा तुझा," मी म्हटलं. "तो अर्धा माझा. तिकडे पाय टाकायचा नाही."

त्याने पावसाआधी कोरड्या मातीतच धूळपेर केली आणि न जेवता गेला.

पाऊस त्या वर्षी ओतूरला उशिरा आला. आला तेव्हा त्याच्या अर्ध्यात भात असं दाट उठलं की मी रोज सकाळी बघून रोज जळले. माझ्या अर्ध्यात आधी पेवाचा एक कोंब आला, लाल टोकाचा. पेव निबर असतो. कोळीच्या भाजीची पाती आली. नेचे सगळे गेले. रानहळदीचं काही नाही. मी साडीखाली वाकून बघायचे, नवरा खिडकीतून विचारायचा, "आली का गं?" त्याचा चेष्टेचा सूर कधी गेला ते मला कळलंच नाही. बघताबघता तोही काठी टेकत मागे यायला लागला आणि माझ्याबरोबर उभा राहायचा.

आषाढात भाऊ रोप काढायला आला. आम्ही दोघं चिखलात बसलो. भाताचं रोप मुळासकट उपटून, चिखल झटकून, जुड्या बांधायच्या. लहानपणी हे काम आम्ही शर्यत लावून करायचो. या वेळी कुणी जुड्या मोजत नव्हतं. मग त्याचा हात थांबला. उपटलेल्या भाताच्या झुबक्यात एक रुंद, सुरळी झालेलं पान होतं, रानहळदीचं, कंदापासून तुटून आलेलं. त्याने ते तळहातावर धरलं. पुढच्या झुबक्यात आणखी एक. ती त्याच्या अर्ध्यात आली होती. उन्हात आली होती, भाताच्या दाटीत, आणि आम्ही ती उपटत होतो.

"सावकाश काढू," तो म्हणाला. त्या दिवशी एकेक काडी सोडवून भात काढलं. जीपवाला बाहेर हॉर्न वाजवत राहिला, भावाने त्याला शिव्या घातल्या. जीपमध्ये जुड्या भरून झाल्यावर चिखलात चार-पाच पानं उभी होती, तीही वाकडी. आम्ही साड्या त्यांच्यावर ओढून बांधल्या. माझ्या अर्ध्यात, जो मी एवढा जपला, तिथे एकही आली नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

भाद्रपदात एकीलाच फूल आलं, बोटाएवढं. गौरीच्या आदल्या दिवशी भाऊ आला तो रिकाम्या हाताने. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ओट्यावर बसला, दाजींशी पावसाचं बोलला, आवणी झाली, भात बरं आहे म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरी गौरीला फूल न्हाई, आक्का. बायका लांब डोंगराच्या नाळीपातूर जाऊन आल्या. तेरडा घावला. हळद न्हाई."

मी फूल कापून दिलं. त्याने ते ओल्या फडक्यात ठेवलं आणि तरी उठेना. शेवटी म्हणाला, "येक कंद देशील का? दाराशी लावतो."

मला नाही म्हणायचं होतं. चार-पाच होत्या, त्यातली एक गेली तर उरलं काय. आणि हा नेऊन लावणार कुठे? त्याचं घर मी डोळ्यांपुढे आणलं. पुढे रस्ता, मागे कापलेली लाल माती, मध्ये उघडं अंगण. मी विचारलं, "सावली कुठाय रे तुझ्याकडे?"

नवराच काठी घेऊन उठला. "चल माझ्यासंगं," म्हणाला. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदाच बाजारपेठेपर्यंत चालत गेला. टोमॅटोच्या रोपवाटिकेवाले जिथे शेडनेट घेतात त्या दुकानात त्याने मेहुण्याला उभं केलं. हिरवी नेट, फाडून, गुंडाळून, सुतळीने बांधून घेतली. तोवर मी फूल आलेली ती एकच सोडून दुसरी एक खणली, मातीसकट, आणि पिशवीत घातली.

स्टँडवर मी त्याला सोडायला गेले. जुन्नरची गाडी लागली होती, तिथून पुढे घाटघरची धरायची. कंडक्टर ओळखीचा निघाला. भावाच्या काखेतली ती हिरवी गुंडाळी बघून म्हणाला, "काय भाऊ, नर्सरी टाकली का?"

"न्हाई. घरी न्यायची हाय. घाटघरला."

"घाटघरला शेडनेट?" कंडक्टर मोठ्याने हसला. "तिथं काय सावलीला तोटा हाय का, राव? लई रान हाय की."

"हाय की," भाऊ म्हणाला आणि आत जाऊन बसला.

मला तिथेच रडू आलं, भर स्टँडवर, कॉलेजच्या पोरींच्या देखत. मी पदर लावला आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिले. भाऊ हात हलवेल असं वाटत होतं. त्याने एका हाताने पिशवी छातीशी धरली होती आणि दुसऱ्याने नेट.